मुळाशी पांढरा दाणा

केस तुटताना आवाज होतो. फार बारीक, वाळल्या काडीवर मुंगीनं पाय द्यावा इतकाच. पण तीस वर्षं बायकांच्या डोक्यांवर वाकून वाकून ताईचा कान त्या आवाजाला सरावला होता. सोमवार होता. दुकान बंद, शटर कमरेइतकं खाली ओढलेलं, आणि आरशासमोरच्या खुर्चीत तिची सून बसली होती. ताईनं तिच्या ओल्या केसांतला एकच केस निवडला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि हलकेच ताणला. बरा केस ओला असताना ताणला की थोडा लांबतो आणि सोडला की लाजून मागे सरतो. ज्याच्यात नुसता ओलावाच भरलाय तो लांबतच जातो, चघळून टाकलेल्या गमासारखा, आणि परत यायचं विसरतो. आणि ज्याला प्रोटीन पाजून पाजून ताठ केलंय तो लांबत नाही. तो तुटतो. सुनेचा केस टक्कन तुटला. ताईनं दुसरा घेतला, तोही तुटला. तिसरा तर चिमटीत येता येताच गेला.

"हे माझं काम," ताई म्हणाली. "पाच महिने प्रोटीन चोळतेय मी तुला. लाकूड केलं तुझ्या केसांचं."

"राहू द्या हो आई," सून म्हणाली. "वाढतील परत."

सगळी गल्ली तिला ताईच म्हणत असे, शाळेतल्या पोरींपासून त्यांच्या आज्यांपर्यंत. समोरच्या शाळेतली मास्तरीण तर शटरखालून डोकं घालून विचारायची, ताई, अर्ध्या तासात मला माणसात आणता का. आणि ताई म्हणायची, अर्ध्या तासात फार तर माणसांच्या शेजारी आणीन. अशा दुकानात स्वतःच्या सुनेचं डोकं केरसुणीसारखं दिसावं, हे तिला पहिल्यापासून खुपत होतं. लग्नाआधी कुठल्याशा पार्लरात सुनेनं केस पिवळट करून घेतले होते, त्या रंगानं केस आतून पोखरले, असं ताईनं पहिल्याच सोमवारी ठरवून टाकलं. तेव्हा ते खरंही होतं. केस चिखलासारखे झाले होते, ओढले की ओघळायचे. एकदा प्रोटीन दिलं, दोनदा दिलं, केस सावरले. तिथं थांबायचं होतं. त्यानंतर ओलावा द्यायचा, मग बघायचं, मग पुन्हा चिमूटभर प्रोटीन. एका हातानं बांधायचं, दुसऱ्या हातानं सैल सोडायचं, हेच तर ती शिकायला येणाऱ्या पोरींना घोकून घ्यायला लावायची. पण दर सोमवारी सुनेच्या डोक्यावर नवे आखूड केस उभे दिसायचे, कापणी झालेल्या शेतातल्या खुंटांसारखे, आणि दर सोमवारी ताईला वाटायचं, अजून कच्चे आहेत, अजून द्यायला हवं. चोळताना तिच्या बोटांत एक राग असायचा. कशाचा, ते तिनं कधी उलगडून पाहिलं नाही. मऊपणाचाच असावा. मऊ गोष्ट हातात आली की तिला वाटे, हिला आत्ताच टणक करून ठेवावं, उद्या कुणी ओढलं तर.

उद्या कुणी ओढलं तर. हे शब्द तिच्या मनात उमटून गेले आणि ती कंगवा शोधू लागली.

एरवी सून घरून केस विंचरून, घट्ट बांधून येई, भांग नेमका डावीकडे. आज ते तसेच गोळा करून वर चिमटा लावून आली होती. "आज कंगवा रुसला वाटतं," असं ताई सुरुवातीला म्हणाली होती, आणि सून म्हणाली होती, उजवा खांदा वर जात नाही, झोपेत आखडला. आता ताईनं रुंद दातांचा कंगवा घेतला आणि टोकांकडून वर वर सोडवत निघाली. मानेच्या वर, उजव्या कानामागं कंगवा अडला. तिनं तो बाहेर काढला तेव्हा दातांमध्ये केसांचा एक झुपका आला होता. सवयीनं ती तो कचऱ्याच्या डब्यात झटकणार होती. सवयीनंच तिनं तो आधी उजेडाकडं धरला.

प्रत्येक केसाच्या टोकाशी पांढरा दाणा होता.

औषधानं, उन्हानं, रंगानं, तापलेल्या चिमट्यानं तुटलेला केस मधेच तुटतो. त्याला मूळ नसतं, दोन्ही टोकं आंधळी असतात. आपसूक गळतो त्याला मूळ असतं, पण तो एकटा गळतो, झाडाचं पान गळावं तसा. एक इथला, एक तिथला. हा झुपका एका जागचा होता. वीस-पंचवीस केस, सगळे एका लांबीचे, सगळ्यांच्या बुडाशी तो बारीक ओलसर दाणा, भाताचं रोप उपटलं की बुडाशी दिसतो तसा. ताईनं कंगव्याच्या शेपटीनं केस दुभागले. आतली कातडी लाल होती. एका मुठीत मावेल एवढी जागा, तिच्यावर रक्ताचे वाळलेले ठिपके, आणि कडेला, जुनी असावी अशी, दुसरी एक जागा, जिथं ते आखूड खुंट उगवून येत होते. पाच महिने ती टोकं बघत होती. तीस वर्षं धंद्यात मुरलेली बाई, आणि पाच महिने तिनं मुळाकडं पाहिलं नव्हतं.

आरशात दोघींची नजर मिळाली. सून घाईनं म्हणाली, पाठ केलेलं म्हणावं तसं:

"काही नाही. गुंता झाला होता. तो सोडवत होता."

ताईच्या हातातला कंगवा पडला. खाली वाकून तो उचलायला तिला फार वेळ लागला. फरशीवर कापलेले केस होते, शनिवारचे, कोपऱ्यात राहून गेलेले, आणि त्यांच्याकडं बघत ती ओणवीच राहिली, कारण ते वाक्य तिचं होतं. शब्दान् शब्द तिचा. ते तिनं बनवलं होतं, बत्तीस वर्षांपूर्वी, एका न्हाणीघरात, बंद दाराच्या आत, दाराच्या पलीकडं उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोरासाठी.

केस उपटले जातात तेव्हाचा आवाज बाहेर कुणाला येत नाही. तो कवटीच्या आत होतो. ओल्या मातीतून गवताचा गड्डा निघावा तसा, एक लांब, फाटत जाणारा आवाज, आणि मग कानात शीळ. तिचे केस तेव्हा कमरेखाली होते. आई लहानपणी वेणी घालताना गुणगुणायची, एक पेड वाऱ्याचा, एक पेड पाण्याचा, एक पेड माझ्या बाईच्या गुपित गाण्याचा. ती वेणी नवऱ्याच्या हातात दोराच्या कामी आली. मनगटाला दोन वेढे, की माणूस कुठंही नेता येतो. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर, वेणीनं खाली ओढलं की ओट्याची कड नेमकी तिच्या कपाळाशी यायची, असं वाटायचं की गवंड्यानं माप घेऊनच बांधली. भाजीला मीठ कमी. एक वेढा. दुकानातून यायला उशीर. दोन वेढे. एकदा काहीच नव्हतं, तो खिडकीशी उभा होता, बाहेर चांगली हवा सुटली होती, त्यानं मागं वळून तिच्याकडं पाहिलं आणि नुसता हात पुढं केला, आणि ती चालत गेली. ओढावंही लागलं नाही. त्या चालत जाण्याची तिला आजवर सगळ्यात जास्त लाज वाटत आली होती. कपाळ कडेवर आपटलं तेव्हा ठिणग्या दिसल्या, खरोखरच्या, हिरव्या. आणि त्या ठिणग्यांच्या मधोमध टेबलाखाली बसलेला तिचा ढब्या, गालफुगा, हातात लाकडी गाडी, गाडीचं एक चाक फिरत होतं. नंतर न्हाणीघरात ती डोक्यावर ओला फडका दाबून बसली. दाराला बारीक टकटक. आई, काय झालं. काही नाही रे राजा. गुंता झाला होता, बाबा सोडवत होते. किती साधं, किती गोड वाक्य. रडणं आतल्या आत गिळून ती ते हसऱ्या सुरात बोलली. पोराला ते पटलं. पोरं पटवून घेतात.

आणि मग तो सात वर्षांचा असतानाची ती दुपार. तिनं त्याला लिमलेटची दुसरी गोळी दिली नाही, एवढंच. ढब्या कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, बाबांना सांगीन, तुझा गुंता झालाय म्हणून. नवरा आतल्या खोलीत होता. तो आधी खो खो हसला. बाहेर येऊन त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली. ढब्याही हसला, बाबा हसले म्हणून. आणि ताई, तेव्हा ती कुणाची ताई नव्हती, तिशीही न आलेली एक बाई होती, तीही हसली. तिघं मिळून हसले. शेजारच्यांना वाटलं असेल, काय सुखी घर आहे. तिनं पोराला दुसरी गोळी दिली. तिसरीही दिली. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तिनं स्वतःच्या हातानं कात्री घेतली आणि मानेपर्यंत सगळे केस उडवून टाकले. बायका म्हणाल्या, हिचं बाई भारी, नवीन काय असतं ते आधी हिच्या डोक्यावर दिसतं. नवऱ्यानं पाहिलं आणि त्या दिवसापासून दंड धरू लागला. दंडावरचे डाग बाहीत झाकतात. सहा वर्षांपूर्वी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला, चहाचा कप हातातच. ताईनं आधी कप काढून घेतला, सांडू नये म्हणून. मग ती दुकानामागच्या खोलीत राहायला आली आणि ढब्याचं लग्न झालं तेव्हा ते तिसऱ्या मजल्याचं घर तिनं त्याला देऊन टाकलं. रंग काढून दिला. नळ बदलून दिले. ओटा तोच राहिला.

"आई," सून म्हणाली. "चक्कर आली का?"

ताई उठली. गुडघे धरून, कपाटाला टेकून. "कधीपासून?" तिनं विचारलं.

सून आरशात न बघता मांडीवरच्या टॉवेलच्या दशा ओढत राहिली. "लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. नेहमी नाही. मधे बरा असतो. बरा असतो तेव्हा फारच बरा असतो हो."

"मला सांगायचंस."

तेव्हा सुनेनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं, एखाद्या मोठ्या माणसानं साधी गोष्ट विसरावी तसं. "मला वाटलं, तुम्हाला माहितीये," ती म्हणाली. "तो म्हणाला होता, आईला सगळं ठाऊक आहे, आमच्या घरात हे असंच असतं. आणि मग तुम्ही दर सोमवारी बोलावून केस मजबूत करायला लागलात. मला वाटलं, तेवढ्यासाठीच करताय. तुटू नयेत म्हणून."

घड्याळात साडेचार झाले होते. पाचला तो येई. दर सोमवारी बायकोला न्यायला म्हणून येई, आधी स्वतःचं डोकं धुवून घेई, ताई त्याचे केस बारीक करी, मग दोघं जात. ताई नळाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं पाणी सोडलं, नुसतं सोडलं, त्याचा आवाज व्हावा म्हणून. तुटू नयेत म्हणून. म्हणजे ती दावं वळत होती. मुठीला धरायला घट्ट हवं म्हणून आठवड्याच्या आठवड्याला दावं भिजवून, पीळ भरून, परत पाठवत होती. आणि पोरगी मुकाट्यानं मान मागं टाकून बसत होती, सासूची माया समजून. तिनं तोंडावर पाणी मारलं. आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला, आखूड पांढऱ्या केसांतला, आणि क्षणभर तिला वाटलं, तो आरसा त्याच खुर्चीनं फोडावा. काचेचे तुकडे त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ओट्यात रोवावेत. त्या खिडकीतून ओटा, टेबल, लाकडी गाडी सगळं खाली फेकावं, कुणाच्या डोक्यात पडायचं ते पडो. तिचा उजवा हात थरथरत होता. भीतीनं नाही. भीतीची थरथर तिला चांगली माहीत होती, ती बोटांच्या टोकाशी असते. ही कोपरापासून येत होती.

मग तिनं काम केलं. दुसरं काही सुचेना तेव्हा ती तेच करत आली होती. प्रोटीनचा डबा तिनं झाकण लावून वरच्या फळीवर ढकलला. खालून दुसरा डबा काढला, नुसत्या ओलाव्याचा, लोण्यासारखा पांढरा, आणि बट बट वेगळी करून टोकांपासून वर लावत गेली. मुळांना लावायचं नव्हतं. त्या लाल जागेभोवती तिनं बोटभर अंतर सोडलं, उंबरा ओलांडू नये तसं. केस आधी सुकल्या बांबूसारखे तिच्या हाताशी भांडले. हळूहळू गप्प झाले. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तिनं त्यांच्याभोवती गुंडाळला आणि चावीचं घड्याळ चाळीस मिनिटांवर फिरवून ठेवलं.

"चाळीस?" सून म्हणाली. "आई, नको. तो येईल. थांबायला लागलं की त्याला..." ती थांबली. "आज जाऊ द्या. पुढच्या सोमवारी करू. तुम्ही काही बोलू नका त्याला, तुमचं काही बोलणं म्हणजे घरी गेल्यावर मलाच."

"ओल्या डोक्यानं माझ्या दुकानातून कुणी जात नाही," ताई म्हणाली. "आत बस. दार लोटून घे. घड्याळ वाजेपर्यंत उठायचं नाही."

सून आत गेली. मागच्या खोलीत पलंग होता, एक खुर्ची होती, एवढंच. तिच्या बसण्याचा आवाज आला. मग घड्याळाची टिकटिक राहिली, आणि ताईला जाणवलं की या चाळीस मिनिटांत काय ते ठरणार. आज ही पोरगी त्या जिन्यानं वर गेली तर पुढच्या सोमवारी आपल्या हातात तिचं डोकं येईल, की नुसता निरोप येईल, कुणास ठाऊक. तिनं कात्र्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. वस्तरा ठेवला. ड्रॉवरला किल्ली लावली, किल्ली खिडकीत ठेवली, लांब. स्वतःवर तिचा भरवसा नव्हता.

पाच वाजता शटर हललं आणि तो खालून वाकून आत आला. छत्तीस वर्षांचा, देखणा, गाल अजून फुगीर. येताना त्यानं बरोबर हवाही आणली, साबणाची, बाहेरच्या उन्हाची. "काय," तो म्हणाला, "सासू-सुनांचं अधिवेशन संपलं का?"

"ठराव राहिलाय," ताई म्हणाली. "ये. मान टाक."

"कुठंय ती?"

"आत. डोक्याला लावून ठेवलंय."

"केवढे ते लाड. माझ्या डोक्याला कधी काही लावलंस का जन्मात? नुसतं साबण आणि धपाटा." तो बेसिनच्या खुर्चीत ऐसपैस बसला, चपला काढल्या, आणि मान त्या खाचेत टाकली. डोळे मिटले. गळा वर आला. पाण्याखाली त्याचं डोकं तिच्या तळव्यांत आलं, तेच डोकं, जन्मल्यापासूनचं. तो भोवरा डावीकडं, झोक्यावरून पडला होता तिथला तो व्रण, कानामागचा तीळ. तिचे हात आपोआप मऊ झाले. किती वर्षं हे डोकं तिनं धुतलं होतं. ते सोडून द्यावं, वाटलं. धुवावं, पुसावं, गोड शब्दात समजावून सांगावं; राजा, असं करू नये रे. तेवढ्यात तो डोळे मिटूनच, समाधानानं म्हणाला, "जरा तिला सांग ना आई तूच. हल्ली फार तोंड चालतं. बाबा असते तर म्हणाले असते, हिचा गुंता झालाय."

आणि तो हसला. तिला तेच हसू ऐकू आलं, तिघांचं मिळून.

तिच्या बोटांनी कपाळावरचे केस गोळा केले. चार बोटं लांबीचे होते, मुठीत पुरेसे. मूठ मिटली. तिनं कधी कुणाच्या केसांत मूठ मिटली नव्हती, पण हाताला सगळं ठाऊक होतं. अंगठा बाहेरून, बोटांची पेरं कवटीला टेकवून, आणि मग ओढ मागं नाही, खाली. शिकवावं लागलं नाही.

"आई. दुखतंय."

"गुंता झालाय रे राजा," ताई म्हणाली. "सोडवतेय."

"केवढेसे केस, कसला गुंता," तो अजून हसतच होता. मग त्यानं डोळे उघडले. उलटा दिसत होता तिचा चेहरा त्याला. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. त्यानं तिचं मनगट पकडलं. त्याचा हात तिच्या दुप्पट होता, पण मान खाचेत अडकलेल्या माणसाला जोर लावता येत नाही, हे रोज डोकी धुणाऱ्या बाईइतकं कुणाला माहीत असणार. त्यानं पाय झाडले. बाटल्यांची गाडी उलटली, फवाऱ्याची नळी हातातून सुटून फरशीवर सापासारखी वळवळली आणि छतापर्यंत पाणी उडालं. तिच्या मनगटात त्याची नखं रुतली. ती ओढत राहिली. तिच्या दंडातून, खांद्यातून काहीतरी वर चढत होतं, गरम, दाट, आणि तिला कळलं की ते सुख आहे. म्हणजे हे असं होतं. म्हणजे त्याला हे असं वाटत होतं, त्या ओट्याशी, दर वेळी. या एका गोष्टीसाठी तिनं नवऱ्याला आयुष्यभर राक्षस मानलं होतं, आणि ते आता तिच्या कोपरात बसलं होतं, घरच्यासारखं. तिला ओरडावंसं वाटलं आणि थांबता येईना. मग तो आवाज झाला. बाहेर कुणाला येत नाही तो. तिला आला.

मूठ रिकामी मागं आली नाही. तो धडपडत उठून बसला, पाणी गळ्यातून छातीवर ओघळत होतं, कपाळाच्या वर लाल ठिपके उमटत होते. ताईनं मूठ त्याच्यासमोर उघडली.

"बघ," ती धापा टाकत म्हणाली. "मुळाशी पांढरा दाणा दिसतो ना? आपोआप तुटलेल्याला हा नसतो. तिच्या डोक्यातून आज पंचवीस निघाले. मी मोजले नाहीत कधी माझे. आणि तुला जे सांगितलं ना न्हाणीघरातून, ते खोटं होतं. गुंता कधी नव्हताच. एकदाही नव्हता."

त्यानं हात उगारला. उगारलेला हात आरशात त्यालाही दिसला, आणि हाताच्या मागं, लोटलेलं दार उघडून उभी असलेली त्याची बायको दिसली, डोक्याला टॉवेलचा मोठा गोळा, हात अंगाशी घट्ट. हात कुठं ठेवावा ते त्याला समजेना. त्यानं तो स्वतःच्या कपाळावर नेला, बोटं रक्ताला लागली, आणि त्याचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा वाकडा झाला. तो रडेल असं ताईला वाटलं. तो रडला नाही.

"बाबांचं काही चुकत नव्हतं," तो म्हणाला. मग बायकोला, "चल."

कुणी हललं नाही. फवारा अजून फरशीवर पाणी ओकत होता.

"चल म्हणतोय ना."

"केस ओले आहेत," सून म्हणाली.

एवढंच म्हणाली, तेही खाली बघून. आवाज फुटला होता. पण ती दारातून पुढं आली नाही. तो तिच्याकडं एक पाऊल गेला. ताई मधे उभी होती, भिजलेली, हातात अजून त्याचे केस, आणि तिनं ती मूठ पुन्हा मिटली. तो त्या मुठीकडं बघत राहिला. लहानपणी टेबलाखालून बघायचा तसा. मग त्यानं चपला हातात घेतल्या, वाकून शटरखालून गेला, आणि बाहेर गेल्यावर एक लाथ पत्र्यावर घातली. सगळं दुकान थरारलं. उद्या तो येईल, ताईला ठाऊक होतं. परवाही येईल, कधी फुलासारखा, कधी लाथेसारखा. तिनं शटर जमिनीपर्यंत ओढलं, आतून दोन्ही कुलपं लावली, नळ बंद केला, आणि मूठ उघडून केस बेसिनमध्ये सोडले. ते बोटांना चिकटले. एकेक करून काढावे लागले.

घड्याळ वाजलं.

"ये," ताई म्हणाली. "धुवून टाकू."

सून बेसिनच्या खुर्चीत बसली, त्याच ओल्या खुर्चीत. मान मागं टाकली नाही. ताईनं टॉवेल सोडायला हात पुढं केला आणि पोरीचं डोकं एकदम बाजूला झालं, झटकन, डोळे घट्ट मिटून, खांदे कानांपर्यंत वर. दुखरा खांदासुद्धा वर गेला. मग ओशाळून तिनं डोळे उघडले. "चुकून," ती म्हणाली. "चुकून झालं हो, आई."

चुकून नव्हतं. तिनं दारातून सगळं पाहिलं होतं. ताईचा हात तसाच हवेत राहिला, आणि ताई त्याच्याकडं परक्याच्या वस्तूसारखी बघू लागली. वेणी घालणारा, रंग लावणारा, पोराचं डोकं धुणारा, आणि आता हा. त्याला पाठीमागं नेऊन तिनं दुसऱ्या हातात धरलं.

"तू धू," ती म्हणाली. "मी पाणी ओतते. हात लावत नाही."

तिनं पाण्याचा मग भरला, कोमट करून, आणि हातभर लांब उभी राहून ओतत राहिली. सून खुर्चीतून उठून बेसिनवर वाकली आणि एका हातानं, अडखळत, स्वतःचे केस धूत होती. पांढरा ओघळ नळीत जात राहिला. चौथ्या की पाचव्या मगाला सुनेचे खांदे थोडे खाली आले. "पाणी जरा गार करा," ती म्हणाली, आणि ताईनं गार केलं. धुवून झाल्यावर पोरीनं कानाजवळचा एक केस निवडला, चिमटीत धरला आणि ताईनं शिकवलं होतं तसा ताणला. दोघी बघत होत्या. केस जरासा लांबला. मग तुटला.

"दुपारी लांबलाच नव्हता," सून म्हणाली.

ताई रिकामा मग हातात घेऊन उभी होती. "अजून एक घे," ती म्हणाली, "दुसरीकडचा," आणि जिथं होती तिथूनच बघत राहिली.